सगळे यशस्वी, फक्त बेरीज जुळत नाही

फेब्रुवारी २०२४ चा हिशेब बंद करायला घेतला तेव्हा लेखा विभागाला तीन खड्डे दिसले. काही ऑर्डरी डेटाबेसच्या मुख्य टेबलात आलेल्याच नव्हत्या. महिन्याच्या मधल्या एका रात्रीची तर संपूर्ण भरणीच, म्हणजे त्या दिवशी टेबलात चढवायच्या सगळ्या ऑर्डरीच, गायब होती. आणि २९ तारखेच्या बऱ्याच ऑर्डरी जागेवर होत्या, पण त्यांच्या निव्वळ रकमेचा रकाना कोरा होता. रोज सकाळी येणारा मेल मात्र महिनाभर एकच वाक्य सांगत होता: ‘रात्रीची भरणी यशस्वी.’

हे प्रकरण मी मांडणीसाठी रचले आहे, तेव्हा ऑर्डरींचे आकडे उदाहरणादाखल घ्यावेत. एरर कोड, त्यांचे अर्थ आणि डेटाबेसचे वागणे मात्र जसे आहे तसेच दिले आहे. ज्याने ओरॅकल या डेटाबेसवर त्याच्या पीएल/एसक्यूएल भाषेत कोड लिहिला आहे त्याला यातला एखादा तुकडा ओळखीचा वाटेल. कदाचित स्वतःच्याच हातचा.

आधी यंत्रणा समजून घेऊ. भागीदारांकडून संध्याकाळपर्यंत फाइली येतात आणि जशाच्या तशा एका कच्च्या टेबलात पडतात. रात्री शेड्युलर एक स्क्रिप्ट चालवतो, ती एसक्यूएल प्लस या ओरॅकलच्या कमांड चालवणाऱ्या साधनातून डेटाबेसमधली बाहेरच्या पातळीवरची प्रोसीजर (साठवून ठेवलेला कोड) बोलावते. ही प्रोसीजर कच्च्या टेबलातली एकेक नोंद उचलते आणि ‘ऑर्डर जोडा’ या आतल्या प्रोसीजरकडे देते. सगळ्या नोंदी झाल्या की एक अपडेट चालतो. तो ग्राहकाचा सवलत दर एका फंक्शनकडून मागवून सवलत आणि निव्वळ रक्कम भरतो. शेवटी कमिट, म्हणजे बदल कायम करणे.

एररची व्यवस्था अशी होती. आतल्या प्रोसीजरमध्ये ‘व्हेन अदर्स’ हँडलर, म्हणजे कोणतीही एरर पकडणारा कोड, होता. काहीही बिघडले की तो लॉग टेबलात ऑर्डर क्रमांक आणि ‘ऑर्डर जोडता आली नाही’ हे वाक्य लिहून पुढच्या नोंदीकडे जायचा. बाहेरच्या प्रोसीजरमध्येही ‘व्हेन अदर्स’ होता. तो रोलबॅक करून (कमिट न झालेले सगळे बदल मागे घेऊन) बोलावणाऱ्याला स्टेटस कळवणाऱ्या आउट पॅरामीटरमध्ये ‘ई’, म्हणजे एरर, हे अक्षर ठेवायचा. सवलतीच्या फंक्शनमध्ये हँडलर नव्हताच. स्क्रिप्ट ते ‘ई’ एका व्हेरिएबलमध्ये घ्यायची आणि त्याच्याकडे ढुंकूनही न बघता मेल पाठवायची.

वरवर वाचणाऱ्याला हा कोड काळजीपूर्वक लिहिलेला वाटेल. हँडलर आहेत, लॉग टेबल आहे, स्टेटस आहे. कोड तपासताना कोणाला खटकले नाही ते याच कारणाने.

सदतीस वेळा तेच वाक्य

पहिला खड्डा सगळ्यात सोपा वाटला, कारण निदान लॉग तरी होता. लॉग टेबलात फेब्रुवारीच्या ३७ नोंदी होत्या आणि सदतीसही ठिकाणी तेच वाक्य: ऑर्डर जोडता आली नाही. जोडता आली नाही हे तर टेबल रिकामे बघूनच कळत होते.

मग सुरू झाले भुई धोपटणे. वस्तूंचे कोड तपासले, तारखा तपासल्या, रकमेत कुठे स्वल्पविराम घुसलाय का ते पाहिले. अर्धा दिवस गेला. शेवटी कोणीतरी चाचणीच्या डेटाबेसवर तो हँडलरच कॉमेंट केला आणि सदतीसपैकी एक ऑर्डर चालवली. लगेच पडद्यावर आले: ओआरए-०६५०२, कॅरेक्टर स्ट्रिंग बफर टू स्मॉल. त्याखाली ओआरए-०६५१२ आणि ओळ क्रमांक. पुढचा शोध दहा मिनिटांत संपला.

म्हणजे डेटाबेस पहिल्या रात्रीपासून बोलत होता. त्याचे तोंड दाबले होते ते आपणच लिहिलेल्या हँडलरने.

त्या ओळीवर ग्राहकाचे नाव एका लोकल व्हेरिएबलमध्ये घेतले जात होते. व्हेरिएबलची लांबी ६० लिहिली होती. टेबलातल्या रकान्याची लांबीही ६०, पण तिथे एककासाठी ‘कॅर’ लिहिले होते, म्हणजे ६० अक्षरे. व्हेरिएबलच्या बाबतीत एकक लिहिलेच नव्हते. अशा वेळी ओरॅकल एनएलएस लेंग्थ सिमँटिक्सची सेटिंग वापरते, आणि तिची मूळ किंमत ‘बाइट’ असते. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत साधे इंग्रजी अक्षर १ बाइट घेते, देवनागरीतला प्रत्येक कोडपॉइंट (युनिकोडमध्ये क्रमांक मिळालेले एकेक चिन्ह) ३. ‘अनुराधा’ हे नाव डोळ्यांना चार अक्षरांचे दिसते. पण त्यातले काने आणि उकार स्वतंत्र कोडपॉइंट असल्याने ते सात कोडपॉइंट होतात, म्हणजे २१ बाइट. साठ बाइटांत देवनागरीचे वीसच कोडपॉइंट बसतात. पूर्ण नाव एवढ्यात आटोपणारे ग्राहक सुटले, बाकीचे अडकले. पूर्वी सगळी नावे रोमन लिपीत यायची तेव्हा हा प्रश्नच नव्हता. पुढे रकाना वाढवला गेला, व्हेरिएबल तसेच राहिले. ते रकान्याच्या ‘टाइप’ला बांधलेले असते तर रकान्याबरोबर आपोआप वाढले असते.

आता ते ठोकळेबाज वाक्य तिथे आले कसे? इथे कोड लिहिणाऱ्याला आळशी म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण आवृत्त्यांचा इतिहास वेगळे सांगतो. पहिल्या मसुद्यात त्याने लॉगच्या इन्सर्टमध्ये ‘एसक्यूएल-एरर-एम’ हे एररचा मजकूर देणारे फंक्शनच लिहिले होते. ते एसक्यूएल स्टेटमेंटमध्ये थेट वापरता येत नाही. कंपायलरने पीएलएस-००२३१ दाखवून ते नाकारले. उपाय एका ओळीचा आहे, आधी लोकल व्हेरिएबलमध्ये घ्या आणि मग इन्सर्ट करा. पण घाईत त्याने अवतरण चिन्हांत एक वाक्य लिहिले, कोड कंपाइल झाला, ‘नंतर बघू’ अशी कॉमेंट पडली. नंतर कोणी बघितले नाही.

त्याने व्हेरिएबल वापरले असते तरी पुढे आणखी एक ठेच होती. लॉगचा मजकुराचा रकाना २०० बाइटांचा होता आणि ‘एसक्यूएल-एरर-एम’ ५१२ बाइटांपर्यंत मजकूर देते. लांब मेसेज आला असता तर हँडलरमधला इन्सर्टच ओआरए-१२८९९ (किंमत रकान्यात मावत नाही) या एररने कोसळला असता. हँडलरच्या आत उठलेली एरर त्याच हँडलरला पकडता येत नाही, ती बाहेरच्या ब्लॉककडे जाते. हीच गोष्ट दुसऱ्या खड्ड्यात प्रत्यक्ष घडली.

गायब झालेली रात्र

त्या रात्रीची ना एक ऑर्डर, ना लॉगमध्ये एक ओळ. पहिला संशय शेड्युलरवर गेला, पण त्याच्या इतिहासात प्रोसेस वेळेवर सुरू होऊन वेळेवर संपल्याची नोंद होती. साक्षीदार निघाला डीबीएकडे, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्याकडे. डेटाबेसच्या अलर्ट लॉगमध्ये त्या वेळेला ओआरए-०१६५३ होती: टेबलस्पेसमध्ये (टेबलांसाठी राखलेल्या साठवणीत) जागा उरली नाही, टेबल वाढवता येत नाही.

मग क्रम लागला. ऑर्डरींचे टेबल वाढेना म्हणून आतल्या प्रोसीजरमधला इन्सर्ट पडला. ‘व्हेन अदर्स’ने ती एरर नोंदीचा दोष समजून पकडली, लॉगमध्ये ते परिचित वाक्य लिहिले आणि पुढची नोंद घेतली. तीही पडली. लॉग टेबलाकडे आधी मिळालेली थोडी जागा शिल्लक होती, त्यामुळे असे काही शे वेळा चालले. मग लॉग टेबलालाही नवी जागा हवी झाली, आणि ते त्याच टेबलस्पेसमध्ये होते. हँडलरमधला इन्सर्ट कोसळला, एरर बाहेर गेली, बाहेरच्या हँडलरने रोलबॅक केला. लॉगमधल्या त्या काही शे ओळी त्याच ट्रान्झॅक्शनमधल्या (एकत्रच कायम होणाऱ्या किंवा मागे जाणाऱ्या बदलांच्या गटातल्या), त्याही पुसल्या गेल्या. स्टेटसमध्ये ‘ई’ पडले. मेल गेला: यशस्वी.

घराला आग लागली तर पंचनाम्याचे कागदही त्याच घरात ठेवलेले, असा हा प्रकार.

यात दोन वेगळ्या चुका आहेत. लॉग त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये असणे ही त्यातली सहज दिसणारी. मला जास्त महत्त्वाची वाटते ती दुसरी, आतल्या हँडलरने जागा संपल्याची एरर पकडलीच का, ही. एखादी नोंद वाईट आहे म्हणून ती बाजूला ठेवून पुढे जाणे हा शहाणपणा झाला. डिस्क भरली असताना पुढची नोंद उचलणे याला काय म्हणायचे? त्या हँडलरला हा फरक माहीतच नव्हता, कारण ‘अदर्स’ या शब्दात सगळेच येते: लांब नाव, संपलेली जागा, बंद पडलेला इंडेक्स, आणि उद्या कोणी कोडमध्ये केलेली घोडचूक.

हा फरक कोडवरून ओळखण्याची सोय काही डेटाबेसमध्ये बरी आहे. एसक्यूएल स्टँडर्डचा एसक्यूएल-स्टेट हा पाच अक्षरी एरर कोड पोस्टग्रेस हे डेटाबेस मनापासून वापरते. त्यातली पहिली दोन अक्षरे म्हणजे वर्ग. २२ म्हणजे डेटाचा दोष, २३ म्हणजे कन्स्ट्रेंट (डेटावर घातलेला नियम) मोडला, ४० म्हणजे ट्रान्झॅक्शन मागे घ्यावे लागले आणि पुन्हा प्रयत्न करण्यात अर्थ आहे, ५३ म्हणजे साधने संपली. २३५०५ आला की युनिक कन्स्ट्रेंट, ४०००१ आला की सीरियलायझेशनची (एकाच वेळी चाललेल्या ट्रान्झॅक्शनांची) धडक, ५३१०० आला की डिस्क भरली. ओरॅकलच्या क्रमांकांत असे वर्ग डोळ्यांना दिसत नाहीत, तिथे यादी आपणच बनवावी लागते. या संघाने बनवलेली यादी फार छोटी होती आणि ती छोटी असणेच बरोबर होते. ज्या एररनंतर पुढच्या नोंदीला जाण्यात अर्थ आहे तेवढ्याच त्यात घेतल्या, बाकी सगळे थांबवायचे.

एरर न आलेली चूक

तिसरा खड्डा मला या प्रकरणात सगळ्यात शिकवणारा वाटतो, कारण इथे कोणी काही दडपले नव्हते.

सवलत दराच्या टेबलात प्रत्येक दराला ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ अशा तारखा होत्या. दर भरणाऱ्याने जुना दर २८ फेब्रुवारीला संपवला आणि नवा १ मार्चपासून सुरू केला. २०२४ हे लीप वर्ष. २९ फेब्रुवारीला अनेक ग्राहकांना दरच नव्हता.

फंक्शन ‘सिलेक्ट इंटू’ने, म्हणजे नेमकी एक नोंद व्हेरिएबलमध्ये घेणाऱ्या क्वेरीने, दर आणायचे. एकही नोंद नसेल तर ‘नो डेटा फाउंड’ उठते, ओआरए-०१४०३. हँडलर नाही, म्हणजे ती बाहेर यायला हवी आणि अपडेट पडायला हवा. तसे झाले नाही. पीएल/एसक्यूएल फंक्शन एसक्यूएल स्टेटमेंटच्या आतून बोलावले असेल आणि त्यातून ‘नो डेटा फाउंड’ निसटली, तर एसक्यूएल तिला एरर मानतच नाही. ‘आणखी नोंदी नाहीत’ एवढाच तिचा अर्थ घेते आणि फंक्शनची किंमत नल, म्हणजे ‘माहीत नाही’, धरते. या एररचा एसक्यूएल-कोड इतर एररसारखा ऋण नसून अधिक १०० आहे, हीच तिची वेगळी जात. नल गुणिले रक्कम नल, रक्कम वजा नल नल, आणि बेरीज करणारे ‘सम’ नल किमती गुपचूप वगळते. तीन पायऱ्यांत पैसे नाहीसे झाले आणि कुठेही लाल अक्षर उमटले नाही.

हे पटायला संघाला वेळ लागला. कोणीतरी तेच फंक्शन तोच ग्राहक आणि तीच तारीख देऊन पीएल/एसक्यूएल ब्लॉकमधून चालवले आणि म्हणाले, ‘एरर येतेच की, बघा ना.’ येत होतीच. पीएल/एसक्यूएलमधून बोलावले तर येते, अपडेटमधून बोलावले तर नाही. फंक्शनची जुनी चाचणीही पीएल/एसक्यूएलमधूनच लिहिलेली असल्याने ती इमानदारीने पास होत होती.

लगेच सुचलेला उपाय होता: ‘नो डेटा फाउंड’ पकडा आणि शून्य परत करा. लेखा विभागातल्या बाईंनी तो एका वाक्यात निकालात काढला. ‘शून्य सवलत हा आमच्याकडे खरा दर आहे हो, तो ठरलेल्या ग्राहकांना लागतो.’ दर माहीत नाही आणि दर शून्य आहे या दोन वेगळ्या बातम्या आहेत. त्या एकत्र केल्या असत्या तर आजचा कोरा रकाना उद्या चुकीच्या आकड्याने भरला असता, आणि कोरा रकाना निदान दिसतो तरी.

मेसेज लिहिणे

दुरुस्तीत सगळ्यात जास्त वाद कोडवर झाले नाहीत, मेसेजच्या शब्दांवर झाले. माझ्या मते ते बरोबरच होते.

फंक्शनमध्ये आता ‘नो डेटा फाउंड’ नावाने पकडली जाते आणि ‘रेज ॲप्लिकेशन एरर’ने आपण ठरवलेली, उणे २०११० या क्रमांकाची एरर उठते. पहिला मसुदा होता: ‘सवलत दर सापडला नाही.’ व्याकरण शुद्ध, उपयोग जेमतेम. कोणाचा दर? कोणत्या तारखेचा? हे सगळे फंक्शनच्या हातात त्या क्षणी होते, पॅरामीटर म्हणून आलेले होते. ते मेसेजमध्ये न घालणे म्हणजे साक्षीदाराला बोलावून त्याचे फक्त नाव लिहून घेणे. दुसरा मसुदा: ‘ग्राहक ४४१७ साठी २९-०२-२०२४ या तारखेला लागू सवलत दर नाही. आधीचा दर २८-०२-२०२४ ला संपतो, पुढचा ०१-०३-२०२४ पासून सुरू होतो.’ शेजारचे दोन दर शोधायला एक जास्तीची क्वेरी लागते, पण ती एरर आल्यावरच चालते, रोजच्या वाटेवर तिचा भार नाही. हे वाक्य वाचणाऱ्याला फोन करावा लागत नाही. लीप वर्ष हे उत्तर त्या तारखांतच आहे.

एकाच तारखेला दोन दर लागू असतील तर ‘टू मेनी रोज’, ओआरए-०१४२२, येते. तिला वेगळा क्रमांक आणि वेगळे वाक्य दिले, कारण तिची दुरुस्ती वेगळी आहे. एक दर घालायचा नसतो, काढायचा असतो.

डेटाबेस बनवणाऱ्या कंपन्यांनाही हे उशिराच सुचले. ओरॅकलमध्ये रकान्यात न मावणारी किंमत आली की पूर्वी ओआरए-०१४०१ यायची: घातलेली किंमत रकान्यासाठी मोठी आहे. कोणत्या रकान्यासाठी, ते शोधा. दहाव्या आवृत्तीपासून ओआरए-१२८९९ आली. ती टेबल आणि रकाना नावानिशी सांगते, शिवाय प्रत्यक्ष लांबी आणि कमाल लांबीही देते. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये एरर ८१५२ ने वर्षानुवर्षे असाच छळ केला. २०१९ च्या आवृत्तीपासून तिच्या जागी २६२८ येते आणि टेबल, रकाना, कापली जाणारी किंमत असे तिन्ही सांगते. पोस्टग्रेसने तर मेसेज, तपशील आणि सूचना असे तीन कप्पेच वेगळे केले आहेत. मेसेज छोटा, तपशिलात किमती, सूचनेत काय करून पाहावे. ही विभागणी मला फार आवडते, आणि ज्या डेटाबेसमध्ये ती नाही तिथेही लॉग टेबलाला तीन रकाने देऊन ती आणता येते.

२६२८ मध्ये खुद्द किंमत छापली जाते याची दुसरी बाजूही आहे. ती किंमत एखाद्याचा खाते क्रमांक असू शकते, आणि लॉग फाइली सहसा टेबलांपेक्षा जास्त लोकांच्या नजरेखालून जातात. म्हणून या संघाने नावाच्या लांबीच्या एररमध्ये नाव लिहिले नाही. ऑर्डर क्रमांक, मिळालेले बाइट आणि मावणारे बाइट एवढेच लिहिले. ज्याला नाव बघण्याचा अधिकार आहे तो ऑर्डर क्रमांकावरून बघेल. पडद्यासमोरच्या वापरकर्त्याला तर टेबलाचे नाव किंवा ओळ क्रमांकही दाखवायचा नाही. संवेदनशील माहिती सांगून टाकणारा एरर मेसेज ही सुरक्षेतली क्रमांक मिळालेली उणीव आहे, सीडब्ल्यूई या सॉफ्टवेअरमधल्या उणिवांच्या यादीतली २०९. वापरकर्त्याला ‘ऑर्डर थांबवली आहे, संदर्भ क्रमांक अमुक’ एवढे पुरते. तोच संदर्भ लॉगमधल्या पूर्ण हकिकतीकडे नेतो.

मेसेज मराठीत लिहायचे ठरले तेव्हा बाइटांचा हिशेब पुन्हा समोर आला. ‘रेज ॲप्लिकेशन एरर’चा मजकूर २०४८ बाइटांपुरता, म्हणजे देवनागरीचे साधारण ६८२ कोडपॉइंट. ते पुरतात. पण ‘एसक्यूएल-एरर-एम’च्या ५१२ बाइटांत जेमतेम १७० बसतात, आणि शेजारच्या दरांच्या तारखा वाक्याच्या शेपटाला असल्याने नेमक्या त्याच कापल्या जाण्याची भीती. म्हणून लॉगमध्ये ‘फॉरमॅट एरर स्टॅक’ हे ओरॅकलचे दुसरे फंक्शन वापरले, त्याची मर्यादा २००० बाइट आहे. शिवाय महत्त्वाच्या किमती वाक्याच्या सुरुवातीला आणल्या.

बाकीची डागडुजी

लॉग लिहिणारी वेगळी प्रोसीजर केली आणि तिला ‘ऑटोनॉमस ट्रान्झॅक्शन’ प्राग्मा (स्वतंत्र ट्रान्झॅक्शनमध्ये चालवण्याची कंपायलरला सूचना) लावला. आता मुख्य ट्रान्झॅक्शन रोलबॅक झाले तरी लॉग राहतो. ती कमिट किंवा रोलबॅक न करता संपली तर ओआरए-०६५१९ येते, तेव्हा शेवटचा कमिट विसरायचा नाही. लॉग टेबल स्वतंत्र टेबलस्पेसमध्ये हलवले. आणि हे औषध लॉगपुरतेच ठेवले. ऑटोनॉमस ट्रान्झॅक्शनला मुख्य ट्रान्झॅक्शनचे कमिट न झालेले बदल दिसत नाहीत, आणि मुख्यने लॉक केलेल्या नोंदीला तिने हात लावला तर आपल्याच पालकाशी डेडलॉक होतो, म्हणजे दोघे एकमेकांची वाट पाहत अडकतात.

‘फॉरमॅट एरर बॅकट्रेस’, म्हणजे एरर कोणत्या ओळीवर उठली त्याचा माग, पहिल्या हँडलरमध्येच नोंदवायचे ठरले, कारण एरर पुन्हा उठवत वर नेली की मूळ ओळीचा माग पुसट होत जातो. नोंद झाली की हँडलरची शेवटची ओळ ‘रेज’, म्हणजे तीच एरर पुन्हा उठवून वर पाठवणे.

एकेक नोंद फिरवणारा लूपच काढून टाकला. त्याच्या जागी एकच ‘इन्सर्ट सिलेक्ट’ आला, ‘लॉग एरर्स’ या पुरवणीसह. न मावणाऱ्या, कन्स्ट्रेंट मोडणाऱ्या किंवा रूपांतर न होणाऱ्या नोंदी ओरॅकल स्वतःच एरर टेबलात टाकते, क्रमांक आणि मेसेजसकट, आणि रोलबॅक झाला तरी त्या तिथे राहतात. जागा संपली तर मात्र ही पुरवणी लागू होत नाही, संपूर्ण स्टेटमेंट पडते. नेमके हवे तसे! किती वाईट नोंदी सहन करायच्या यावर बराच खल झाला. एकाला शून्य हवे होते, दुसऱ्याला अमर्याद. शेवटी ‘रिजेक्ट लिमिट’ ५० ठेवली. एका रात्रीत पन्नासाहून जास्त नोंदी वाईट निघाल्या तर दोष नोंदींचा नसून फाइलीचा आहे, एवढाच त्यामागचा विचार. दर नसलेल्या ऑर्डरीही अपडेटच्या आधी एका क्वेरीने बाजूला काढल्या जातात. जी गोष्ट घडणार हे माहीत आहे तिची वाट एक्सेप्शनमधून कशाला? फंक्शनमधली एरर तिथे राहिली ती चाळणीतून काही निसटले तर.

स्क्रिप्टची गंमत वेगळीच. एसक्यूएल प्लसला सांगितले नाही तर एरर आली तरी ते पुढे चालत राहते आणि शेवटी शून्य, म्हणजे ‘यशस्वी’ हा एक्झिट कोड, परत करते. म्हणून ‘व्हेनएव्हर एसक्यूएल-एरर एक्झिट’ घातले. त्यात पहिल्यांदा एररचा क्रमांकच एक्झिट कोड म्हणून द्यायचे ठरले होते. युनिक्समध्ये एक्झिट कोड ८ बिटांचा, म्हणजे २५६ ने भागून उरलेली बाकी. ओआरए-०१५३६ म्हणजे टेबलस्पेसमधला ठरलेला वाटा संपला. १५३६ म्हणजे बरोबर ६ गुणिले २५६, बाकी शून्य, शेड्युलरच्या लेखी यशस्वी. आपण ठरवलेल्या एररसाठी राखलेल्या २०००० ते २०९९९ मध्येही २०२२४, २०४८०, २०७३६ आणि २०९९२ हे क्रमांक असेच शून्यात जातात. क्रमांकाचा नाद सोडून सरळ ‘फेल्युअर’ परत करायचे ठरले. रोलबॅकही तिथेच.

आणि मेल बदलला. आता त्यात तीन आकडे असतात, आलेल्या, जोडलेल्या आणि बाजूला ठेवलेल्या नोंदी. पहिला आकडा पुढच्या दोघांच्या बेरजेइतका नसेल तर कमिट होत नाही. ही तपासणी कोणत्याही एक्सेप्शनवर अवलंबून नाही. पहिला खड्डा तिने पहिल्याच रात्री पकडला असता.

चाचण्या लिहिताना प्रत्येक एरर मुद्दाम घडवून आणली: एकवीस कोडपॉइंटांचे नाव, दोन दरांमधली फट, चाचणीच्या डेटाबेसवर मुद्दाम तोकडे ठेवलेले टेबलस्पेस. सवलत फंक्शनची चाचणी आता ‘सिलेक्ट’मधून होते. एरर येते की नाही एवढेच न बघता मेसेजमध्ये ग्राहक क्रमांक आणि तारीख आहे की नाही हेही चाचणी बघते. मेसेज बदलून कोणी परत ‘सापडला नाही’वर आणला तर बिल्ड पडते.

शेवटी उरलेल्या कोडाकडे मोर्चा वळला. ओरॅकलच्या अकराव्या आवृत्तीपासून कंपायलर पीएलडब्ल्यू-०६००९ हा इशारा देतो: या ‘अदर्स’ हँडलरचा शेवट रेजने होत नाही. इशारे चालू करून सगळी पॅकेजे पुन्हा कंपाइल केली तेव्हा मूग गिळून गप्प बसलेले ४३ हँडलर सापडले. बहुतेक सरळ काढून टाकता आले. हँडलर नसणे हेच पुष्कळ ठिकाणी सगळ्यात चांगले एरर हँडलिंग असते. काहींच्या जागी नावाने पकडणारे हँडलर आले.

एक मात्र जाणूनबुजून ठेवला. लॉग लिहिणाऱ्या प्रोसीजरमध्येच ‘व्हेन अदर्स’ आहे, तो रोलबॅक करतो आणि रेज करत नाही. लॉग लिहिताना काही बिघडले आणि तीच एरर वर गेली, तर जिची नोंद करायला आलो ती मूळ एरर तिच्याखाली झाकली जाईल. दर वेळी कंपाइल करताना त्या एका ओळीवर इशारा येतो. वर कॉमेंट लिहून ठेवली आहे: ‘हा इशारा अपेक्षित आहे. इथे रेज घालू नका, मूळ एरर बोलावणाऱ्याकडे आहे.’